फुकटचा एक ज्यूल

मी बोलतोय, प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या कपाटातला व्होल्टमीटर. मला कशालाही न जोडता माझा काटा ०.२ वर उभा असतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे म्हणाल, लपवलं.

जन्मलो तेव्हा अगदी शून्यावर होतो. मग प्रयोगशाळेतल्या काकांच्या हातून टेबलावरून पडलो. कान पिळून काटा शून्यावर आणायला माझ्या तोंडावर एक स्क्रू आहे. पण कुणीतरी तो इतका पिळला, की त्याची खाचच गेली. तेव्हापासून माझी खोड काही जात नाही.

सर वर्गात सांगतात, "प्रभार म्हणजे पाण्याच्या बादल्या समजा. सेकंदाला किती बादल्या गेल्या ते ॲमीटर सांगतो. आणि एकेका बादलीमागे किती काम पडलं, ते हा सांगतो." हा म्हणजे मी! काम बॅटरी करते, उजेड दिवा पाडतो आणि तोरा मात्र माझा. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील.

मला दिव्याला समांतर जोडायचं असतं, म्हणजे बाजूला उभं राहून मी नुसती चौकशी करतो. वाटेतच उभं केलं, तर प्रभाराची वाट अडते. गेल्या वर्षी परीक्षेत एका मुलीने घाबरून नेमकं तेच केलं. दिवा लागेना. मी मात्र ऐटीत २.२ व्होल्ट दाखवत राहिलो. ती रडली, नापास झाली आणि वर्गाने तिचं नाव रडूबाई ठेवलं. मला फार वाईट वाटलं, पण काटा सोडून मला हलवायला आहे काय?

यंदा ती पुन्हा परीक्षेला आली. "या वेळी राहिलं ना काका, तर घरचे शिक्षणच बंद करणार आहेत," ती म्हणाली. तोवर चांगले व्होल्टमीटर सगळ्यांनी पळवले होते. काका ओशाळून म्हणाले, "हाच उरलाय गं बाळा."

"असू दे, काका. आमची जुनी ओळख आहे."

तिने मला नीट दिव्याच्या बाजूने जोडलं आणि दिवा लागला. प्रवाह अर्धा अँपिअर, वेळ दहा सेकंद, म्हणजे पाच कूलॉम प्रभार गेला. मी सांगितलं २.२ व्होल्ट. गुणाकार केला, काम आलं अकरा ज्यूल.

शेजारचा कुजबुजला, "ए, दहा लिही. सगळ्यांचं दहाच आलंय."

तिने खोडरबर उचललं. पुन्हा माझ्यामुळेच! तिने चिडून स्विच बंद केला. माझा काटा खाली आला आणि नेहमीच्या जागी थांबला.

ती वाकून बघत राहिली. "मेल्या, तू आधीपासूनच इथे होतास होय!"

तिने खोडरबर ठेवून दिलं. अकरा तसेच राहू दिले आणि खाली लिहिलं : 'व्होल्टमीटर मुळातच ०.२ जास्त दाखवतो. खरे २.० व्होल्ट. काम दहा ज्यूल.' उरलेला एक ज्यूल कुणी केलेलाच नव्हता. तो माझा, फुकटचा.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचं सरळ दहा, तुझंच एवढं लांबण कशाला?"

तिने बोट माझ्या काट्यावर ठेवलं. मॅडम हसल्या आणि शेजाऱ्याकडे वळल्या. "तुझी एक तार अजून टेबलावरच पडली आहे. मग दहा ज्यूल आले कुठून?"

"मॅडम, ते... मघाशी आले होते."

ती पास झाली, तीही वर्गात सर्वांत जास्त गुणांनी. निकालाच्या दिवशी काकांना सांगायला आली, तेव्हा काका मला भंगारात टाकायला निघाले होते. तिने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली : 'आधी ०.२ वजा करा.'

त्यानंतर ती काही आली नाही. चिठ्ठी पिवळी पडली आहे, एक कोपराही सुटलाय. पण आता मुलं मला टाळत नाहीत. चिठ्ठी वाचतात, हसतात, वजाबाकी करतात आणि मी खरा ठरतो.

कधी या प्रयोगशाळेत आलात तर एवढं करा, त्या कोपऱ्याला जरा डिंक लावा. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. चिठ्ठी पडली, की मी पुन्हा न केलेल्या कामाचा तोरा मिरवू लागेन.