नकली दगडाचं पेन आणि एकोजीरावांचा स्टोव्ह

मित्रांनो, मला जुनी म्हणा, थकलेली म्हणा, कुरकुरी म्हणा. सगळं ऐकून घेईन. पण भंगार म्हणालात, तर गाठ माझ्याशी आहे! मी लेथ. तुकडा गरगर फिरवायचा आणि हत्याराने तासून त्याला गोल आकार द्यायचा, हे माझं काम. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांच्या खिशातली पेनं माझ्याच अंगावर घडली, एवढं ध्यानात ठेवा.

कोइमतूरच्या एका कारखान्यात वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. मग लॉरीत घालून मद्रासला धाडलं. तिथल्या तिरुवल्लिकेणी भागात, एका अरुंद गल्लीतल्या घराच्या पुढच्या खोलीत एकोजीरावांनी मला बसवलं. मूळचं तंजावरचं मराठी घर. घरात मराठी, दारात तमिळ, आणि रागावले की दोन्ही.

एकोजीराव एबोनाइटची पेनं करत. एबोनाइट म्हणजे काळं, कडक रबर. त्याची सळई वाकडी असली की ते रॉकेलच्या स्टोव्हवर शेकून सरळ करत आणि मग माझ्या तोंडात देत. भोक पाडायचं, आटे पाडायचे, टोपण बसवायचं. जळक्या रबराचा वास माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. परीक्षा जवळ आल्या की आसपासच्या मॅन्शनांत, म्हणजे भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं दारात गर्दी करत. पेन हातात धरून ‘वा!’ म्हणत. मला कोणी ‘वा’ म्हटलं नाही. असो. कष्ट करणारीला तेवढंच मिळतं.

मग स्वस्त बॉलपेनं आली. लिहा आणि फेका! माझा पट्टा सैल पडला, अंगावर गंज चढला. एकोजीरावांच्या पत्नी सकवारबाई माझ्या पाठीवर लोणच्याच्या बरण्या ठेवू लागल्या. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला, बरण्या उतरत. मला चंदन, कुंकू, शेवंतीचा हार. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची असते म्हणे. अहो, मला वर्षभर दुसरं होतं काय?

एका वर्षी पूजेच्या आधी त्यांचा मुलगा शेषगिरी म्हणाला, “अप्पा, यंदाची पूजा होऊ दे. विजयादशमीला भंगारवाल्याला बोलावलंय. या खोलीत झेरॉक्सचं मशीन ठेवतो.”

एकोजीरावांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते आता थरथरत होते. बोलली ती सरोजा, त्यांची मुलगी. लहानपणापासून माझ्या पायाशी पडलेला कीस तीच झाडायची.

“अण्णा, लेथ मी चालवते.”

“आणि लग्न झाल्यावर? डोक्यावर घेऊन जाशील?”

“नेली तर नेली,” आतून सकवारबाई कडाडल्या. “पितळेचा हंडा दिला तर चालतो, लेथ दिली तर तुझं काय जातं?”

त्याच आठवड्यात वादिराजमामा आले. आयुष्यभर एकोजीरावांच्याच पेनने लिहिणारे जुने गिऱ्हाईक. त्यांची नात विद्युलता तांबरमच्या कॉलेजात शिकवायला लागणार होती. तिच्यासाठी पेन हवं होतं, विजयादशमीला. त्यांनी पिशवीतून दोन चौकोनी कांड्या काढल्या. हिरव्या, वर सोनेरी शिरा. दगडाची भुकटी रसायनात कालवून कडक केलेला नकली दगड, परदेशातून त्यांच्या मुलाने पाठवलेला.

“एक बिघडली तर दुसरी आहे. तिसरी मात्र नाही हो, एकोजी,” ते म्हणाले.

एकोजीरावांनी सवयीने स्टोव्ह पेटवला. एबोनाइटसारखी ती कांडी शेकली, माझ्या तोंडात दिली आणि हत्यार टेकवलं. टक्! कांडी दुभंगली. अर्धी माझ्यात, अर्धी जमिनीवर. मालक खुर्चीत बसले ते बसलेच.

सरोजाने तुकडा उचलून उन्हात धरला. “अप्पा, याला शेक सोसत नाही. आतून कसा तडकलाय बघा.”

“हात थरथरला माझा.”

“हात नाही अप्पा, स्टोव्ह.”

उरलेली कांडी तिच्यापुढे सरकवत ते म्हणाले, “दुसरी तू कर. शाबूत उतरली तर लेथचं बघू.”

पोरीने आधी मला पुसलं, तेल घातलं. किती वर्षांनी! मग कामाला लागली. दगडाला हत्यार नखभरच टेकवायची, पाण्याचा थेंब सोडायची, काढायची. एबोनाइटची लांब, वळणदार साल निघते. याची नुसती भुकटी. धार लगेच बोथट व्हायची. ती थांबायची, धार लावायची, पुन्हा टेकवायची. माझी हाडं ठणकत होती, भुकटी सांध्यांत शिरत होती. पण मी हलले नाही. हलले असते तर पोरीचं सगळंच गेलं असतं.

“कापतेस कमी, धारच जास्त लावतेस,” शेषगिरी चिडवायचा.

“जुन्या ब्लेडने दाढी केल्यावर तुम्ही कसे ओरडता, अण्णा? आणि हा दगड तर तुमच्यापेक्षा कडक आहे.”

पूजेच्या आदल्या संध्याकाळी टोपणाचे आटे झाले, पण शेवटचा हात आणि पॉलिश राहिलं. “जरा जोर लाव, संपून जाईल,” शेषगिरी म्हणाला. सरोजाने मोटर बंद केली. “उद्या पूजा. परवा सकाळी करेन.”

विजयादशमीची सकाळ. दारात वादिराजमामा आणि विद्युलता. त्यांच्या मागे भंगारवाला, हातगाडी घेऊन. आमच्याकडे पूजेनंतर यंत्र पहिल्यांदा सुरू करतो तो मालक. माझ्या कपाळावर कुंकू ओलं होतं. एकोजीराव उठले, बटनापर्यंत आले. आणि ते बाजूला सरले.

“सरोजा, बटन दाब.”

मी फिरले. शेवटचा हात बसला, पॉलिश चढलं, सोनेरी शिरा उजळल्या. विद्युलताने कागदावर आपलं नाव लिहिलं आणि टोपण उगीचच पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

भंगारवाला खोळंबला होता. शेषगिरी अप्पांकडे पाहत राहिला. एकोजीरावांनी कोपऱ्यातला रॉकेलचा स्टोव्ह उचलला आणि स्वतः हातगाडीवर ठेवला. “सणाचा दिवस. रिकामा कसा जाशील, बाबा? हा घेऊन जा.”

बरण्या स्वयंपाकघरात गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

मित्रांनो, आता मी फार थकले आहे. सांधे वाजतात, आवाज घोगरा झाला आहे. सरोजाचं काम असेल तेव्हा फिरते, नसेल तेव्हा डुलकी काढते. तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात उभं असेल. त्याला वर्षातून एकदा कुंकू लावा, माझी ना नाही. पण आधी दोन थेंब तेल घाला आणि थोडं फिरवून पाहा. नुसता हार घालून उभं करण्याइतकं म्हातारं कुणीच होत नाही.