संडासाचं कुलूप

चुलीच्या धुराने सिद्धम्माचे डोळे जायची वेळ आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, वीरभद्रप्पांनी, अंगणात गोबरगॅस बांधायला काढला. संडास जोडला तरच सरकारी अनुदान पुरं मिळणार होतं. पारावर सभा भरली.

"त्या गॅसवरचा चहा आमी प्यायचा?" रोज चहाला येणारे दिनकरराव म्हणाले.

"शेणाचा चालतो की," वीरभद्रप्पा म्हणाले.

"शेण गाईचं असतंय. माणूस काय खातो, काय भरवसा?"

अंधार पडेस्तोवर भांडून गावाने तोडगा काढला. संडास बांधायचा, गॅसला जोडायचा आणि त्याला कुलूप लावायचं. अनुदान आलं, गॅसही सोवळा राहिला. वीरभद्रप्पा टमरेल घेऊन ओढ्यालाच जात राहिले.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण उन्हाळा आला. वैरण आटली, शेण कमी पडलं. दिनकरराव चहाला टेकले आणि शेगडी फुरफुरून विझली.

"चूल पेटव," वीरभद्रप्पा म्हणाले.

सिद्धम्माने कमरेची किल्ली काढली आणि भरलेल्या टमरेलाशेजारी ठेवली.

"धुरात मी पुन्ना बसणार न्हाई. आधी तुमी जाऊन या. मग यांनाबी धाडा, हे चहा लय पितेत."