आधीच धुतलेले पाय

भुईगावात ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, ते बाराही जण घरून पाय धुऊनच येतात. प्रभूने शिष्यांचे मळके पाय धुतले हे खरं, पण फादरांच्या पुढ्यात मळके पाय ठेवायचे म्हणजे काय! गावाच्या अब्रूचा प्रश्न असतो. टाचा घासायच्या, नखं कापायची, कोरे पांढरे मोजे चढवायचे आणि मग देवळात जायचं. ही रीत कोणी घालून दिली ठाऊक नाही, पण ती मोडायची कोणाची छाती नाही.

डेल्फिन टीचर तर रीत मोडणाऱ्यांतल्या नव्हेतच. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मग त्यांनी पवित्र व्हायचं मनावर घेतलं. उपवासकाळातल्या प्रार्थना-शिबिरात, म्हणजे रिट्रीटमध्ये, फादर म्हणाले होते, "शेजाऱ्यावर प्रेम केल्याशिवाय पवित्रतेत वाढ होत नाही." टीचरांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि घरी येऊन कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे आग्नेस राहत होती. आयतीच सोय झाली.

आग्नेस मूळची अर्नाळ्याची कोळीण. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली, आता त्र्याहत्तरची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सोबतीला चार कोंबड्या आणि साखरेचं जुनं दुखणं. नवऱ्याचा पुतण्या स्टीवन दर रविवारी वसईहून येई आणि तेच सांगे, "काकी, एकटीला झेपत नसेल तर बोल. सिस्टरांच्या आश्रमात सोय करतो." मुलगा वाईट नव्हता, काळजीनेच म्हणायचा. आग्नेसचंही उत्तर ठरलेलं, "मना झेपतंय. या घरातनं मी मेल्यावर पेटीतनंच जानार."

टीचर रोज तिला डबा नेऊन देऊ लागल्या. कुंपणाला फट होती, त्यातून दोन पावलांचं अंतर. पण टीचर रस्त्यावरून वळसा घालून जात. दिव्याखाली अंधार असला तरी चालेल, दिवा मात्र चारचौघांना दिसला पाहिजे! पवित्र गुरुवार जवळ आला तसं त्यांनीच फादरांना बारा जणांसाठी आग्नेसचं नाव सुचवलं.

त्या दुपारी टीचर बादली आणि टाचा घासायची वजरी घेऊन आग्नेसच्या ओट्यावर बसल्या. आग्नेसचे पाय काळवंडलेले, भेगाळलेले, नखं जाड पिवळी. टीचरांना शिसारी आली. त्यांनी पिशवीतून भांडी घासायचे रबरी हातमोजे काढले आणि हातांत चढवले.

"टीचर, ऱ्हाऊ द्या. माज्या पायाला काय कलत नाय," आग्नेस संकोचून म्हणाली. "सुई टोचली तरी कलत नाय."

"कळायची गरज नाही. तुम्ही नुसत्या बसा," टीचर म्हणाल्या.

आतून उकळत्या पाण्याचं पातेलं आणून त्यांनी बादलीत रिकामं केलं. आता त्यात गार पाणी घालायचं, तेवढ्यात देवळात मिस्सेला वाचन करणाऱ्या ब्रेंडाचा फोन आला. कोणता उतारा कोणी वाचायचा यावर टीचर तावातावाने बोलल्या आणि फोन ठेवून त्यांनी आग्नेसचे दोन्ही पाय तसेच, गार पाणी न घालता, बादलीत घातले. रबरातून टीचरांच्या हातांना काही लागलं नाही आणि आग्नेसच्या पायांना काही कळलं नाही. वर वजरीने घासघास घासलं. पाय लालबुंद झाले, तेव्हा टीचर समाधानाने म्हणाल्या, "बघा, किती मळ होता!" आणि त्यांनी पांढरे मोजे चढवले.

देवळात फादरांनी गुडघे टेकून आग्नेसचा उजवा मोजा ओढला. मोज्याबरोबर कातडीही आली.

कोणीतरी किंचाळलं. आग्नेसने खाली पाहिलं, जणू तो पाय दुसऱ्याच कोणाचा होता. फादरांनी विचारलं, "कोणी धुतले हे?"

आग्नेसने मान वळवली. पहिल्या बाकावर टीचर बसल्या होत्या, पांढऱ्याफटक. आग्नेस म्हणाली, "मीच, फादर. पानी जास्त तापलं."

टीचरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच केलं त्यांनी. उठायला हवं होतं त्या बाईने, त्याच घटकेला उठायला हवं होतं!

ईस्टरच्या आदल्या दिवशी टीचर फादरांसमोर पापं कबूल करायला गेल्या. राग आला होता, दोनदा रोजरीची माळ चुकली होती, सुनेबद्दल वाईट विचार आले होते, सगळं सांगितलं, बादली सोडून. फादरांनी क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून एखाद्या आजाऱ्याची सेवा करायला सांगितली. मग काय, आठवड्याभराने टीचर आग्नेससाठी सूप घेऊन हॉस्पिटलात हजर!

तोवर पाय चिघळला होता आणि डॉक्टरांनी दोन बोटं काढली होती. स्टीवन खाटेशी उभा राहून रडकुंडीला आला होता. "काकी, उकळतं पाणी स्वतःच्या पायांवर? उद्या घर पेटवून घेशील! आता तुला एकटीला ठेवणार नाही मी. टीचर, तुम्हीच सांगा हिला."

आग्नेस टीचरांकडे बघत राहिली. एक शब्द पुरला असता. टीचरांनी सूप ढवळलं आणि हळूच म्हणाल्या, "वय झालं, स्टीवन. लक्ष राहत नाही माणसाचं."

आग्नेसने भिंतीकडे तोंड फिरवलं.

महिन्याभराने स्टीवनची गाडी तिला आश्रमात न्यायला आली. कोंबड्या वाटून झाल्या होत्या, दाराला कुलूप लागलं होतं. आळीतल्या बायका जमल्या होत्या. ब्रेंडा डोळे पुसत म्हणाली, "टीचर, तुमच्यासारखी शेजारीण मिळायला नशीब लागतं."

ते ऐकून टीचर पुढे झाल्या. त्या गाडीच्या खिडकीत वाकल्या आणि पुटपुटल्या, "आग्नेस, मी सांगते स्टीवनला. आत्ता सांगते."

"हास्पिटलात मी वाट बघितली तुमची," आग्नेस शांतपणे म्हणाली. "तो वरडत होता, तवा मी तुमच्याच तोंडाकडं बघत होते. तवा बोलल्या असत्या तर मी माज्या घरात ऱ्हायले असते. आता घर आवरलं, माजं मनबी आवरलं. आता बोलाल ते तुमच्यासाठी बोलाल, माज्यासाठी नाय. गप ऱ्हावा."

तिने हात बाहेर काढून टीचरांच्या कपाळावर क्रूसाची खूण केली, लहान पोराच्या कपाळावर करतात तशी. स्टीवनने गाडी सुरू केली.

टीचर रस्त्यात उभ्या राहिल्या. आता कोणालाच काही कळणार नव्हतं. गाडी वळणापर्यंत पोचायच्या आत त्यांना हलकं वाटलं. आणि आपल्याला हलकं वाटलं, हे त्यांच्या लक्षात आलं.