जऊळक्याच्या फलाटावरची बाई

मंगरूळपीरच्या जमशेद टेलरची मुलगी इफ्रा बंजारा बायकांच्या भरतकामावर पीएचडी करत होती. प्रबंधासाठी तिला एक जुना फोटो हवा होता. फलाटावर बसलेली, आरशांची कांचळी, म्हणजे बंजारा चोळी, घातलेली एक तरुण बाई. इंटरनेटवर तो एकोणीस ठिकाणी सापडला. कुठे खाली 'राजस्थान' लिहिलेलं, कुठे 'गुजरात', कुठे नुसतंच 'भटकी स्त्री'. मूळ कुठलं ते कळल्याशिवाय फोटो छापायचा नाही, असं गाईडनी बजावलं. दुसरा घे, असंही सुचवलं. इफ्रानं ते मनावर घेतलं नाही.

फोटोवरून फोटो शोधत, रोज थोडं मागे जात, ती तीन आठवड्यांनी परदेशातल्या एका संग्रहालयाच्या पानावर पोचली. तिथे फोटो अख्खा होता, कडा न कापलेला. साल १९६१, ठिकाण 'भारत'. डाव्या कडेला स्टेशनची अर्धी पाटी दिसत होती आणि तिच्यावर दोनच अक्षरं, 'ळका'. इफ्रा खुर्चीतून उठलीच. जऊळक्याला ती स्वतः कितीदा उतरली होती.

पण तेवढ्यावर भागणार नव्हतं; बाई कोण, तेही कळायला हवं होतं. मोठी प्रत काढून ती मानोऱ्याकडच्या तांड्यांवर फिरू लागली. चौथ्या तांड्यावर पंचाहत्तरी ओलांडलेल्या रामीबाईंनी फोटो हातात घेतला, तो खाली ठेवलाच नाही.

"हे गंगू हाय. माही मोठी बहीण."

खात्री करायला इफ्रानं फोटोतल्या हातांवर आपला तळवा ठेवला आणि विचारलं, "आजी, गंगूबाईची काही खूण सांगता?"

"डाव्या पंजावर गोंदलं व्हतं. तीन ठिपके, चवथा अर्धा. सुई टोचली अन् पळून गेली थे."

इफ्रानं लॅपटॉपवर तो पंजा मोठा केला. तीन ठिपके होते, शेजारी एक फिकट टिंब. रामीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी तांडा कामाला निघाला होता, गाडी उशिरा आली, तेवढ्यात एका गोऱ्या माणसानं फोटो काढला, असं त्यांनी सांगितलं. गंगू त्याच वर्षी परमुलखात वारली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. इफ्रानं सगळं रेकॉर्ड केलं.

संग्रहालयानं आधी फक्त ठिकाण बदललं. नावाला पुरावा पुरेसा नाही, असं कळवलं. इफ्रानं रेकॉर्डिंग, पंजाचा मोठा केलेला फोटो आणि रामीबाईंच्या बोलण्याचं भाषांतर पाठवलं. महिनाभर उत्तर येईना, म्हणून पुन्हा पाठवलं. दिवाळीनंतर एका सकाळी पान उघडलं, तर खाली लिहिलं होतं: गंगू, जऊळका स्टेशन, १९६१.

तिनं ते पान छापून घेतलं आणि मानोऱ्याची बस पकडली.