तयार करणार: शिवदास

या, असे जवळ येऊन बसा. लांबच्यांसाठी आवाज चढवावा लागतो, आणि ही कथा चढ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. कीर्तनात बुवा आधी नामाचा महिमा गातात, मग आख्यान लावतात. मला गाता येत नाही. आख्यान तेवढं सांगतो.

"काशिनाथभाऊ, तेंचा नाव खंय आसा, ता माका दाखवा," काउंटरपलीकडून वत्सलावहिनी म्हणाल्या.

डिचोलीच्या बाजारात आमचं पंप-पाइपांचं दुकान. वहिनींचा नवरा शिवदास आणि मी, असे दोघे कारकून. शिवदास तिथे चौदा वर्षं बसला. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीपट नाही. लहान दुकानात कोण ठेवतो? पण प्रत्येक बिलाच्या तळाशी कॉम्प्युटर आपणहून छापायचा, 'तयार करणार: शिवदास'. गणेशचवथीच्या आठ दिवस आधी कावीळ होऊन तो गेला. व्यापाऱ्यांच्या एका निधीतून अशा कुटुंबांना मदत मिळते, पण पाच वर्षं काम केल्याचा कागद लागतो. मालकाचं पत्र चालत नाही, कारण मालक आपल्या मेहुण्यांनाही पत्रं देतात. जुनी बिलं चालतात.

मी स्क्रीन वहिनींकडे वळवला. सहा वर्षांपूर्वीचं बिल उघडलं. तळाशी होतं, 'तयार करणार: सिद्धेश'. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे आमच्या मालकाचं नाव.

"सिद्धेशबाबान कधी बिल केला?" वहिनींनी विचारलं.

"जल्मात नाय," आतून सिद्धेशच बोलला.

तेव्हा मला आठवलं. दिवाळीनंतर हिशेबाच्या त्या ऑनलाइन सॉफ्टवेअरात सुधारणा आल्या होत्या. बिल थेट गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर, कराचा आकडा आपोआप, आणि बिल करणाऱ्या दर माणसामागे वेगळं भाडं. तेव्हा सिद्धेश म्हणाला होता, "शिवदासाचा नाव काढ रे. गेलेल्या माणसाचा भाडा कित्याक भरूचा?"

मी बटण दाबलं. सूचना आली होती: या व्यक्तीची सर्व बिलं मालकाच्या नावावर जातील. चालेल? मी ती वाचली होती. वाचून 'होय' केलं होतं.

मी वहिनींना हे सगळं सांगितलं.  त्यांनी पदराने काउंटरवरची धूळ तेवढी पुसली.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी मायेने बोलली. "काका, एकदा काढलेलं नाव परत येत नाही. सॉरी हं."

राहिली छापील बिलं. सर्वण गावचा महादेव बागायतदार, आमचं जुनं गिऱ्हाईक, कागद जपणारा, म्हणून दुसऱ्या दिवशी वहिनींना स्कूटरवर घेऊन त्याच्याकडे गेलो. पत्र्याच्या पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने चार बिलं काढली.

"शिवदासानच सांगलेला, पंपाची हमी सरेपर्यंत बिल फाडू नको म्हणान. बघा, घडी पण मोडूंक नाय!"

चारही कोरी. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं केव्हाच उडून गेली होती. महादेवाने एकेक उन्हात धरून पाहिलं, पाठची बाजूही पाहिली. मग ओशाळून म्हणाला, "च्या घेतलास तर बरा दिसतला."

आम्ही चहा घेतला.

दुकानात परत आलो. सगळं ऐकून सिद्धेश डोकं धरून बसला. माणूस वाईट नाही. मग दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, एक करूंया. शिवदासाचा नाव नव्यान घालतंय, मागची तारीख घालून धा-बारा बिलां छापतंय. कोणाक कळतला?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी हो म्हणावं, असं मला फार वाटत होतं. माझं ओझं उतरलं असतं. घरात शिकती मुलगी, क्षमा. पैसे हवे होतेच.

"नको," वहिनी म्हणाल्या. "चौदा वर्सांत तेणी एक बिल मागच्या तारखेन केला नाय. ह्या रागान कितकीं गिऱ्हायकां तुटली, तुमकाच म्हायत. आता मेल्यावर तेंच्या नावान खोटा करू नकात."

त्यांनी अर्जाचा कागद पिशवीत घातला, आम्ही दोघं उठायच्या आधीच बाहेरचा उंबरा ओलांडला आणि मये-डिचोली बसच्या थांब्यावर जाऊन उन्हात ताठ उभ्या राहिल्या. बस येईपर्यंत सिद्धेश आणि मी आतून बघत होतो. सोडायला जायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

आता उठताना माझं एवढं ऐका. डिचोलीच्या बाजारात शिवदास नावाचा माणूस चौदा वर्षं बिलं करत होता, हे मनात ठेवा. कुणी विचारलं, तर सांगा.