एक चहा होईपर्यंत

अमृतचं बूड कुठे म्हणून टेकत नसे. तिशी उलटली, तोवर पिकअप चालवून झाली, मोबाईल दुरुस्तीचं दुकान थाटून झालं, कोंबड्या पाळून झाल्या. काम जरा हाताला बसतंय असं दिसलं, की गडी मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत बाहेर पडलाच म्हणून समजा. आळशी तो मुळीच नव्हता. काम नसलं तर त्याच्या अंगाला खाज सुटायची. पण कामात थांबायची वेळ आली, की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

शेवटी त्याच्या बायकोच्या, मोनिकाच्या मावशीने शब्द टाकला. मालनबाई म्हणजे वाडीवरच्या दूध संकलन केंद्राच्या अध्यक्ष. केंद्राचा दुधाचा कूलर श्रीगोंद्याचे फ्रीज-एसी दुरुस्त करणारे गहिनीनाथ नाना बघायचे, म्हणून ओळख. नानांनी अमृतला हाताखाली घेतलं. मोनिका मात्र त्याला एवढंच म्हणाली, "ह्या बारीला सोडून आलात, तर माज्याकडं काय सांगू नका. मावशीच्या तोंडाकडं कसं बघायचं ते तुमचं तुमी ठरवा." ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती भाकरी थापता थापता, अगदी शांतपणे बोलली, आणि तेच त्याला लागलं.

नानांचा पहिला धडा सोपा होता. "थंडी नावाची वस्तू कुटं नसती, अमृत. आपन दुधातली उष्णता उचलायची नि बाहेर नेऊन टाकायची. गॅस म्हंजे नुसता हमाल." यंत्राला दाब मोजायची दोन घड्याळं लावायची. निळ्याचा काटा परत येणाऱ्या गॅसचा दाब दाखवतो, लालचा तापून बाहेर निघालेल्या गॅसचा. दोन्ही काटे पडलेले असले तर गॅस कमी. दोन्ही चढलेले असले तर हमालाला ओझं बाहेर टाकता येत नाही. इथपर्यंत अमृतला झटकन समजलं.

दुसरा धडा काही केल्या घशाखाली उतरेना. यंत्र चालू केलं, की नाना बसून एक अख्खा चहा प्यायचे. बशीत न ओतता, फुंकून फुंकून. तोवर वॉल्वला हात लावायचा नाही. सुरुवातीला काटे भलतीकडेच पळतात, ते स्थिरावू द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. अमृतला वाटे, म्हाताऱ्याला चहाची तलफ येते आणि नाव काट्याचं.

चैत्रातल्या एका दुपारी मालनबाईंचा फोन आला. कूलर बंद पडतोय, टाकीतलं सकाळचं दूध तापायला लागलंय. नाना पारनेरला एका मंगल कार्यालयाच्या एसीत अडकले होते. त्यांनी अमृतलाच पाठवलं. "एकटा जा. ह्या कामावरनं मला तुजं कळंल," म्हणाले.

अमृत वाडीवर पोचला तेव्हा टाकीवरचा आकडा नऊ अंश दाखवत होता. तो चारच्या वर जाता कामा नये. दिवेलागणीला टँकर येणार, टँकरवाला आकडा बघणार, वास घेणार आणि दूध नासलं असलं तर तसाच माघारी फिरणार. अख्ख्या वाडीचं दूध गटारात. वर संध्याकाळचं दूध घेऊन माणसं यायला लागली होती, ती वेगळीच.

"जावईबापू, च्या ठेवलाय," मालनबाई म्हणाल्या.

"च्या कसला पाजताय मावशी! दूध जायला लागलंय."

बजरंग नावाचा एक गडी आपली किटली टेकवून यंत्राच्या खोलीच्या दारातच उभा राहिला. "गॅस कमी झाला आसंल. भर की."

अमृतने यंत्राला घड्याळं जोडली. निळी नळी लागली. लाल नळी जिथे लागते त्या तोंडावरचं टोपण तापून घट्ट बसलेलं, ते फिरेना. एकदा पान्याने झटका दिला, दुसऱ्यांदा बोट भाजलं. मरू दे, म्हणाला, एका काट्यावर भागतं. बटण दाबून कॉम्प्रेसर सुरू केला. निळा काटा सर्रकन खाली आला.

"पडला काटा! म्हनलं न्हवतं का?" बजरंग ओरडला.

अमृतलाही तेच बघायचं होतं. त्याने सिलिंडरचा वॉल्व उघडला. गॅस सुसू करत आत गेला. जरा वेळ कॉम्प्रेसर घुमला, मग त्याचा आवाज जड झाला आणि खट्ट करून तो बंद पडला. बटण पुन्हा दाबलं, तर ते लागेचना. टाकीवर दहा आले.

दारातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अमृतच्या कानशिलांना घाम सुटला. हात आपोआप खिशात गेला आणि किल्ली बोटात फिरायला लागली. एक पार्ट आणतो म्हणायचं आणि निघायचं. श्रीगोंदा काय, तिथून पुढे नगर काय, रस्ता मोकळाच होता. तो दारापर्यंत गेलासुद्धा.

मालनबाई आडव्या आल्या. त्यांनी त्याच्या बोटातली किल्ली काढून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "आता लावा फोन नानाला."

त्याने फोन लावला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "च्या घेतलास का?"

"नाना, हितं दूध नासतंय!"

"म्हनूनच इचारतोय. बस. लाल काटा लाव. आन च्या पी." फोन कट.

अमृतला रडू यायचं बाकी होतं. त्याने टोपणावर पाणी ओतलं, फडकं गुंडाळलं आणि जोर लावून ते काढलं. लाल नळी बसली. दाब उतरल्यावर बटण लागलं, यंत्र सुरू झालं. मालनबाईंनी हातात कप दिला. तो स्टुलावर बसला. चहा असा चटका देणारा, की फुंकल्यावाचून इलाज नव्हता. गुडघा थडथड उडत होता, मागे बजरंगची टकळी चालू होती, पण तो काट्यांवरून नजर हलवेना.

निळा काटा खाली गेला, थबकला आणि हळूहळू वर सरकायला लागला. लाल तर चढतच होता. दोन्ही चढलेले. म्हणजे गॅस कधी कमी नव्हताच, आणि आपण वरून आणखी कोंबला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही तो बसून राहिला. यंत्राच्या पंख्यासमोर तळहात धरला. तिथून गरम वारा फेकला जायला हवा होता. हाताला जेमतेम झुळूक लागली. पंखा हवा ओढतो ती मागच्या भिंतीतल्या जाळीतून. जाळीखाली थेंब थेंब पाणी ठिबकत होतं.

चैत्रात भिंतीतून पाणी? कप ठेवून तो खोलीला वळसा घालून मागे गेला.

जाळीवर बाहेरून गोणपाट बांधलेलं होतं, माठाला गुंडाळतात तसं, दुहेरी आणि ओलंचिंब. साखर कारखान्याच्या धुराड्यातून हंगामभर उडणारी काळी राख त्यावर बसून त्याचं पार चामडं झालं होतं. आतल्या, गॅस गार करणाऱ्या पत्र्यांवरही त्याच राखेचा चिखल थापलेला. वारा शिरणार कुठून?

"ते मी बांधलंय," मागून मालनबाई म्हणाल्या. "मशीन लई तापत हुतं. रोज दुपारी पानी मारते त्याच्यावर. गार ऱ्हाईल म्हनलं."

सगळे गोळा झाले होते. बजरंग फिसकन हसला. अमृतच्या जिभेवर होतं, मावशी, तुमच्या मायेनं मशीन मारलं असतं. बोलला असता तर त्याची स्वतःची चूक गोणपाटाखाली झाकली गेली असती, कुणाला पत्ता लागला नसता.

"मावशी, गोनपाट तुमचं," तो म्हणाला, "पन गॅस मी भरला. गरज नसताना. आता काढाय लागंल. त्याला येळ लागनार हाय, कुनी घाई करायची न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं असेल.

यंत्र बंद करून त्याने गोणपाट कापलं, ब्रश आणि पाण्याने पत्रे घासून घासून धुतले. जाळीतून उजेड दिसायला लागला. मग सोबत आणलेला रिकामा सिलिंडर, गॅस आत ओढला जावा म्हणून, गार पाण्याच्या घमेल्यात उभा केला आणि यंत्र सुरू करून जादा गॅस त्यात थोडा थोडा उतरवला. थोडा काढायचा, थांबायचं, काटा बघायचा. मालनबाईंनी बजरंगला दारातून हाकलून बाहेर बसवलं. टाकीवर नऊ आले. मग आठ.

टँकर आला तेव्हा आकडा पाचवर होता. टँकरवाल्याने वास घेतला, चव घेतली आणि तो पाटावर बसून राहिला. चार आल्यावर त्याने नळी जोडली. मालनबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच त्या कुणावर तरी खेकसल्या.

नानांचा फोन आला. अमृतने गोणपाटाचं सांगितलं. मग म्हणाला, "नाना, च्या न घेता वॉल्व खोलला मी."

पलीकडून चहा फुंकल्याचा आवाज आला.

"उद्या लवकर ये," नाना म्हणाले.

मालनबाईंनी पदराची गाठ सोडून किल्ली पुढे केली. "निघा आता, जावईबापू. मोनिका वाट बघत आसंल."

अमृतने किल्लीकडे बघितलं, मग काट्यांकडे.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला. "आजून एक च्या टाका."

आणि तो परत स्टुलावर बसला. गुडघा उडतच होता.