कल्पनांची वंशावळ

आमच्या घराण्यात वह्या आहेत. रामकुंडावर यात्रेकरू आला की त्याला आधी गाव आणि आडनाव विचारतात. मग ज्या उपाध्यायाच्या वहीत त्याच्या आजोबा-पणजोबांची सही सापडेल, त्याचा तो यजमान. दुसऱ्यानं त्याच्याकडे बघायचंही नाही. माझा थोरला भाऊ अजून हेच करतो. मी विमा कचेरीत चिकटलो, सोवळं सुटलं, पण वही काही सुटली नाही.

माझी वही विज्ञानकथांची आहे. गेली चौदा वर्षं मी हाताला लागेल ती विज्ञानकथा वाचतोय आणि तिच्यातली कल्पना नोंदवून ठेवतोय. परग्रहावरचा पाहुणा पहिल्यांदा कोणी आणला, त्याच्यावरून कोणी उचलला, उचलणाऱ्याचं पुढे कोणी उचललं, सगळी वंशावळ तारीखवार. कारण मला लेखक व्हायचंय, आणि दुसऱ्याच्या यजमानावर हात मारणारा लेखक व्हायचं नाही.

परिणाम असा की चौदा वर्षांत माझी एकही कथा छापून आलेली नाही. मला काही सुचलं की मी वही उघडतो आणि वही मला तोंडघशी पाडते. आठवणी विकत घेणारं दुकान सुचलं, ते साठ वर्षांपूर्वी कोणीतरी थाटून बसलेला. बोलणारी नदी सुचली, तिच्या तर तीन पिढ्या निघाल्या. अर्ध्या लिहिलेल्या नऊ कथा मी फाडल्या आहेत. कचेरीतले लोक मला दर दिवाळीला विचारतात, ‘काय वेणीमाधवराव, यंदा?’ विचारताना ते हसतात, आणि ते मला कळतं.

यंदा मात्र जमलं. देवळाली कॅम्पातल्या एका जवानाच्या बायकोची कथा. नवऱ्याची सीमेवर बदली झालेली, आणि तिला कळतं की आपल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत वेळ फार संथ चालतो. ती दूध तापवते, पेला घेऊन आत जाऊन बसते. दूध कोमट आहे तोवर बाहेर दोन वर्षं उलटतात. वही तीनदा चाळली, संथ वेळेची खोली कुठेच नव्हती. कथा मी कारभारी सरांना पाठवली. हे चांदवडचे निवृत्त हेडमास्तर, बावीस वर्षं नाशिकमधून दिवाळी अंक काढतात आणि कोणाचं सहजासहजी घेत नाहीत.

श्रावणात त्यांचा फोन आला. ‘वेणीमाधवराव, घेतली. दहा पानं दिलीत तुम्हाला.’ भावानं पेढे आणले. कचेरीत मी कोणाला काही सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात माझी चाल बदलली होती असं लतिका, माझी बायको, म्हणते.

पितृपक्षात वाचनालयात एक कव्हर गेलेलं जुनं पुस्तक हाती लागलं. तिसरीच कथा: एक खोली, आत वेळ संथ, बाहेर वर्षं पळतायत. मी दोन कपाटांच्या मध्ये उभा राहून ती संपवली. लेखक जाऊनच पन्नास वर्षं झाली होती, तरी मला त्याचा असा संताप आला की पुस्तक तिथंच भिरकावावं. मेल्यानं मला एक खोलीसुद्धा ठेवली नव्हती.

घरी येऊन ते लतिकासमोर टाकलं. तिनं दोन्ही कथा शांतपणे वाचल्या.

‘ह्यात प्रयोगशाळा आहे, शास्त्रज्ञ आहे,’ ती म्हणाली. ‘तुझ्यात ती बाई आहे. मग सारखं काय आहे?’

‘खोली.’

‘खोल्या काय, आपल्याकडेही तीन आहेत. गप्प बस आणि छापून येऊ दे.’

मला गप्प बसता आलं असतं तर मी आज कोणीतरी असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारभारी सरांना फोन केला आणि कथा मागे घेतो म्हणून सांगितलं. कारण सांगितल्यावर ते हसले.

‘अहो, ही संथ वेळ माझ्याकडं दर वर्षी तीन-चार जण पाठवतात. त्यात नवं काय? मी तुमची घेतली ती त्या बाईसाठी. ते कोमट दूध लय आवडलं मला.’

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला अपमान वाटला. चौदा वर्षं मी कल्पनेच्या सोवळ्यासाठी जीव काढला आणि या माणसाला दूध आवडलं.

‘तरी मागे घेतो,’ मी म्हणालो.

‘विचार करा. परवा पानं छपाईला जायचीत.’

‘केलाय.’

‘बरं,’ ते म्हणाले. एवढंच.

वसुबारसेला अंक आला. माझ्या दहा पानांवर सायली नावाच्या कुणा मुलीची कथा होती. पहिल्या परिच्छेदातच संथ वेळ. सटाण्याकडची कांदे साठवायची चाळ, आत वेळ सरकत नाही. दहावी झालेल्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून आई तिला चाळीत बसवते. तिचं वय वाढू नये, लग्न पुढं जावं, एवढीच आईची अक्कल. मुलगी बाहेर येते तेव्हा धाकटी बहीण तिच्याहून मोठी झालेली असते. मधल्या काळात ते पाहुणे दुसऱ्यांदा येतात, तेव्हा घरात धाकटीच असते. थोरलीच्या वाट्याचं लग्न तिनं केलेलं असतं.

मी चुका शोधत वाचत होतो. भाषा कच्ची, दोन ठिकाणी काळाचा हिशेब चुकलेला. शेवटच्या पानावर पोचलो तेव्हा चुका शोधायच्या राहून गेल्या होत्या, याचाही राग आला.

पाडव्याला सकाळी अनोळखी नंबर वाजला.

‘सर, सायली बोलतेय, सटाण्याहून. नंबर कारभारी सरांनी दिला. तुम्ही पानं सोडली म्हणून माझी लागली, म्हटलं आभार मानावं.’

सणासुदीला माणसानं जरा बरं बोलावं. मी विचारलं, ‘ही कल्पना जुनी आहे, माहीत आहे तुला?’

‘हो सर. तीन पुस्तकांत वाचली मी.’

‘आणि तरी लिहिलीस?’

‘त्यांच्या कुणाच्या खोलीत माझी बहीण नव्हती ना, सर.’

पलीकडे कोणीतरी तिला फराळाला हाका मारत होतं.

‘तुमची कथा कुठल्या अंकात येणार आता?’ तिनं विचारलं.

‘कुठल्याच नाही.’

‘का, सर?’

चौदा वर्षांची वही माझ्याकडे होती, आणि त्यातलं एकही पान या पोरीला दाखवण्याजोगं नव्हतं. ‘मी लेखक नाही,’ मी म्हणालो. ‘वाचणारा माणूस आहे.’

‘मग सांगा ना,’ ती लगेच म्हणाली, ‘कशी वाटली माझी?’

वाचणारा म्हणवून घेतल्यावर खोटं बोलायची सोय उरली नाही. ‘चांगली आहे,’ मी म्हणालो, आणि फोन लतिकाच्या हातात देऊन गच्चीवर निघून गेलो.